हुडीसकट या

टॅटू काढून घ्यायला माझ्या खुर्चीत पहिल्यांदा बसणारी पोरं "दुखेल का?" हे फारसं विचारत नाहीत. त्याचे व्हिडिओ त्यांनी आधीच पाहून ठेवलेले असतात. खरा प्रश्न येतो स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा छाप, कातडीवर लावून झाल्यावर, आरशापुढे हात आडवा-उभा करून बघताना. "ताई, फुल शर्ट घातला तर झाकलं जाईल ना?" मी हो म्हटलं की लगेच, "आणि बाही दुमडली तर दिसेल ना?"

दोन्ही पाहिजे. घरी दिसायला नको, नाक्यावर दिसायला हवं. मुलाखतीला झाकलेलं, मित्राच्या गाडीवर मागे बसलं की उघडं. ज्यांना यात लबाडी दिसते त्यांनी अठराव्या वर्षी आपल्या मालकीचं नेमकं काय होतं ते आठवून बघावं. खोली भावंडांबरोबर वाटून घेतलेली, वेळ कॉलेजच्या नाहीतर कामाच्या ताब्यात, पैसे मागून घेतलेले. उरली ती कातडी आणि तिच्यावरचे कपडे. 'हे माझं' असं लिहायला तेवढीच जागा मिळते, मग पोरं तिथे लिहितात.

मी टॅटू काढते. पोटापाण्याचं काम हेच. शिवाय रविवारी स्टुडिओमागच्या शेडमध्ये आम्ही कपडे छापायचं टेबल लावतो. तिथे जमणाऱ्या पोरापोरींच्या नादाने हल्ली मी नको तितक्या बैठकांना जाऊ लागले आहे. कधी रहिवासी संघ, कधी एखादी संस्था, कधी 'युवा विकास' वगैरे नावाची योजना. तिथे एक वाक्य हमखास कानावर येतं: "मुलं चांगली आहेत हो, पण त्यांचा अवतार बघा." म्हणजे आधी अवतार सुधारू, मग वस्तीच्या कामाला लावू. मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो. वस्तीच्या कामाची सुरुवातच पुष्कळदा त्या अवतारातून होते.

पण आधी माझ्या धंद्याबद्दल, कारण तिथल्या गोष्टी मला हाताने ठाऊक आहेत.

सुई कातडीत जाते दीड-दोन मिलिमीटर. वरचा थर सारखा झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा येतो, त्यामुळे तिथे ठेवलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. ती खालच्या थरात, डर्मिसमध्ये बसवावी लागते. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी कातडी ताणून धरायची. ताण बरोबर असेल तर मशीनचा आवाज एकसारखा येतो. जरा सैल पडली की आवाज जड होतो आणि रेघ थरथरते. कोपराजवळची कातडी जाड, मनगटाच्या आतली पातळ, म्हणून एकाच हातावर चार बोटांच्या अंतरात दाब बदलावा लागतो. खोल गेलं की रेघेच्या कडेने निळसर धुकं पसरतं. त्याला आम्ही ब्लोआउट म्हणतो, आणि ते पुसून टाकता येत नाही. बोटाच्या कडेवर मुंगीएवढी अक्षरं मागणाऱ्यांना मी म्हणूनच परत पाठवते. रेघा वर्षागणिक थोड्या फुगतात, आणि 'अ'चं पोट भरून गेलं की तो कोणालाच वाचता येत नाही.

शाई का टिकते, तेही मजेशीर आहे. शरीराला ती परकी वाटते. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्यांवर टॅटू काढून दाखवलं, की या पेशी मेल्या की रंग मोकळा होतो आणि नव्याने आलेल्या पेशी तोच पुन्हा गिळून बसतात. म्हणजे जो टॅटू तुम्हाला वर्षानुवर्षं जागच्या जागी दिसतो, तो आत सतत एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जात असतो. हे सांगितल्यावर काही पोरं पांढरीफटक पडतात. बाकीच्यांना मात्र इतकं आवडतं, की घरी जाऊन ते सगळ्यांना हेच ऐकवत बसतात.

अठरा पूर्ण नसतील तर मी नाही म्हणते, घरच्यांची चिठ्ठी आणली तरी. पहिलाच टॅटू मानेवर, चेहऱ्यावर किंवा पंज्यावर हवा असेल तरी नाही. यावर वाद होतातच. "अंग माझं आहे." आहेच बाबा, पण सुई माझी आहे. दाखवायचं की झाकायचं हे रोज सकाळी ठरवायची मुभा फार मोलाची असते, आणि ती पहिल्याच बैठकीत घालवायला मी मदत करणार नाही. "बरं, मग तोवर काळी मेंदी काढतो" म्हणणाऱ्यांवर तर मी चक्क ओरडते. मेंदी काळी नसते. ती झटपट काळी करायला त्यात पीपीडी घालतात, केसांच्या डायमधलं रसायन. एखाद्याच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात, वर जन्मभराची अ‍ॅलर्जी लागते. पुढे कधी केस रंगवायला गेलं की डोक्याला सूज.

इतक्या काळजीचं हे काम, पण राज्यकर्त्यांना यावर पुष्कळदा एकच उपाय सुचलेला दिसतो: बंद करा. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये हिपॅटायटिस बीचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली. विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट १८९१ मध्ये सॅम्युअल ओ'रायलीने घेतलं, ते याच न्यूयॉर्कमधून. बंदी उठली १९९७ मध्ये. मधली ३६ वर्षं टॅटू थांबले नाहीत, ते लोकांच्या मागच्या खोल्यांमध्ये गेले. हिपॅटायटिसची भीती खोटी नव्हती. तो विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. पण त्यावरचा इलाज म्हणजे एकदा वापरून फेकायच्या सुया, १२१ अंशांवर वाफेने अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि अचानक येऊन तपासणारा निरीक्षक. मागच्या खोलीत निरीक्षक पोचत नाही. दक्षिण कोरियात १९९२ च्या एका निकालाने टॅटू काढणं हे वैद्यकीय काम ठरलं, म्हणजे डॉक्टर नसलेला प्रत्येक टॅटू कलाकार आपोआप गुन्हेगार झाला. डॉक्टर नसलेल्यांना परवाना देणारा कायदा मंजूर व्हायला २०२५ उजाडलं.

कपड्यांनाही याच पंगतीला बसवलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पुरुषांच्या सुटाला किती कापड वापरायचं यावर मर्यादा घातली. लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची पोरं तरीही झूट सूट घालून हिंडत होती. खांदे भरलेले, कोट गुडघ्यापर्यंत, पँट वर ढगळ आणि घोट्याशी आवळलेली. जून १९४३ मध्ये खलाशी टोळ्यांनी रस्त्यावर उतरले, सिनेमागृहांत शिरून त्यांनी या पोरांना बाहेर ओढलं, मारलं, अंगावरचे सूट फाडले. मग पोलिसांनी पकडलं ते बहुतेक मार खाल्लेल्यांनाच, आणि नगर परिषदेत चर्चा झाली ती झूट सूट घालणं हाच गुन्हा ठरवण्याची. इतकी हिंसा नसली तरी २००५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लूवॉटर शॉपिंग सेंटरने हुडीची टोपी डोक्यावर ओढून फिरायला बंदी घातली तेव्हा रोख तोच होता. आतल्या दुकानांत हुड्यांची विक्री अर्थातच चालू राहिली.

आमच्या पोरांना मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागाची आहे. ती जरा सविस्तर सांगते, कारण हिपहॉप म्हटलं की लोक एकदम माइक आणि सोन्याच्या साखळ्यांवर येतात आणि आधीचं सगळं गाळतात.

१९७१ मधलं साउथ ब्राँक्स. इमारती जळत होत्या, घरमालक पळत होते, आणि पोरं टोळ्यांमध्ये होती. टोळी ओळखायची जॅकेटवरून. बाह्या कापलेलं डेनिमचं जॅकेट, पाठीवर टोळीचं नाव आणि चिन्ह. या जॅकेटला ते 'कलर्स' म्हणायचे. दुसऱ्याच्या हद्दीत आपले कलर्स घालून जाणं म्हणजे मार खायची तयारी ठेवून जाणं. यातली घेटो ब्रदर्स ही मुख्यतः पोर्तो रिकन पोरांची टोळी हळूहळू वेगळ्या वाटेला लागली होती. कचऱ्याने भरलेले प्लॉट साफ करणं, गरजूंना कपडे वाटणं, इस्पितळातल्या सोयींसाठी आवाज उठवणं, असली कामं ती करत होती. त्यांनी एक माणूस फक्त समेट घडवायला नेमला होता, कॉर्नेल बेंजामिन, ऊर्फ ब्लॅक बेंजी. २ डिसेंबर १९७१ रोजी दोन टोळ्यांमधलं भांडण सोडवायला गेला असताना त्याला मारून टाकलं.

आता रक्ताचे पाट वाहणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण बेंजीच्या आईने सूड नको म्हणून सांगितलं. ८ डिसेंबरला हो अ‍ॅव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबमध्ये टोळ्यांचे म्होरके आपापले कलर्स घालूनच एकत्र बसले. भांडले, ओरडले आणि तह केला. तो तह काही सगळीकडे शंभर टक्के पाळला गेला नाही. तरी एक फरक पडला: पोरं एकमेकांच्या हद्दीत जाऊ लागली, एकमेकांच्या पार्ट्यांना नाचू लागली.

मग ११ ऑगस्ट १९७३. पत्ता १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू, तळमजल्यावरची करमणुकीची खोली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे नव्हते. तिने पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. गाणी वाजवायला बसवला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. लोक कुठल्या तुकड्यावर सगळ्यात जोरात नाचतात ते हेरून तो दोन टर्नटेबलांवर तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. हिपहॉपची सुरुवात म्हणून हीच पार्टी सांगितली जाते. संगीताच्या इतिहासात हर्कचं नाव पुढे असतं, पण माझ्या मते त्या रात्रीची खरी आयोजक सिंडी. शाळेत पहिल्या दिवशी काय घालून जायचं, या चिंतेतून तिने ती घडवली. कपड्यांना उथळ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवते.

याच इमारतीचं पुढे काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. २००७ च्या सुमारास मालकाला परवडणाऱ्या भाड्याच्या सरकारी योजनेतून इमारत बाहेर काढायची होती. भाडेकरू उभे राहिले, आणि त्यांनी पुढे केला तो याच पार्टीचा इतिहास. राज्याने २००७ मध्ये इमारत ऐतिहासिक स्थळांच्या यादीसाठी पात्र ठरवली, हर्क स्वतः भाडेकरूंच्या बाजूने उभा राहिला. लढा काही वर्षं चालला. मध्ये इमारत विकली गेली, तिची हालत खराब झाली, पण शेवटी शहराच्या मदतीने ती परवडणाऱ्या घरांमध्येच राहिली. शाळेच्या कपड्यांसाठी केलेली पार्टी काही दशकांनी लोकांचं छप्पर वाचवायला कामी आली.

आमच्याकडे असं भव्यदिव्य काही नाही. जे आहे ते सांगते.

रहिवासी संघाने एकदा तरुणांसाठी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर ठेवलं. फलक लावला, त्यावर ठळक अक्षरात 'सभ्य पोशाखात यावे'. ज्यांच्या आयांनी हाताला धरून पाठवलं तेवढीच मुलं आली. नाक्यावरची टोळी समोरच्या कठड्यावर बसून गंमत बघत होती. मी नंतर विचारलं, का रे नाही गेलात? एकजण म्हणाला, "ताई, ते आधी आम्हाला धुवून आणा म्हणतायत."

छपाईचं टेबल सुरू झालं ते अगदी योगायोगाने. माझ्याकडे कव्हर-अप, म्हणजे जुन्या टॅटूवर नवा काढून तो झाकायला आलेला एकजण छापखान्यात कामाला होता, त्याला स्क्रीन प्रिंटिंग येत होतं. एक जुनी लाकडी फ्रेम त्याने आणली, आणि माझी अंधारी साठवणीची खोली त्याला फार आवडली. फ्रेमला ताणलेल्या जाळीवर इमल्शनचा, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रवाचा, पातळ थर ओढायचा, अंधारात वाळवायचा. पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढलेलं चित्र त्यावर ठेवायचं आणि वरून दिवा लावायचा. जिथे उजेड पडतो तिथलं इमल्शन घट्ट होतं, काळ्या चित्राखालचं मऊच राहतं. मग फ्रेम उभी धरून पाण्याचा फवारा मारायचा. सुरुवातीला काहीच होत नाही. हळूहळू जाळीत एक कडा उघडते, मग कान, मग डोळा, आणि बघता बघता अख्खं चित्र आरपार दिसायला लागतं. या क्षणी शेडमध्ये प्रत्येक वेळी आरडाओरडा होतो, अगदी जुन्या पोरांचासुद्धा. मोबाइलवर कधी न थांबणारी ही पोरं ओली फ्रेम वाळेपर्यंत गुपचूप बसतात, हे मी डोळ्यांनी बघते म्हणून विश्वास ठेवते.

नियम एकच ठेवला: नवा टीशर्ट विकत आणायचा नाही, घरात पडलेला जुना आणायचा. एका सुती टीशर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा एक आकडा नेहमी दिला जातो. आम्ही तो भिंतीवर लिहून ठेवला आहे. पण खरं कारण दुसरं आहे. नवे कपडे आणायला सांगितलं असतं तर कोणाकडे किती पैसे आहेत ते पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. जुने कपडे सगळ्यांकडे सारखेच विटलेले असतात.

पहिले काही रविवार कवट्या, आगीच्या ज्वाळा आणि स्वतःची नावं. होऊ दिलं. मग एका मुलाने पाठीवर नुसता एक आकडा छापला. कसला आकडा म्हणून विचारलं, तर त्याच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाचा. त्या खांबाचा दिवा कित्येक महिने बंद होता. पुढच्या रविवारी आणखी आकडे आले, आपापल्या गल्लीतले. ते टीशर्ट घालून सगळे संबंधित कार्यालयात गेले आणि रांगेत पाठ करून उभे राहिले. दिवे लागायला त्यानंतरही बराच काळ गेला, आणि ते टीशर्टमुळेच लागले असा माझा दावा नाही. पण त्या निमित्ताने वस्तीतल्या बंद दिव्यांची पहिली पुरी यादी तयार झाली. त्याआधी एका संस्थेने पाहणी केली होती, ती दिवसा, घरोघरी जाऊन, मोठ्यांना विचारून. कुठला दिवा बंद आहे हे रात्री अकरानंतर नाक्यावर बसणाऱ्यांना ठाऊक असतं. ज्यांना हाकलायचं चाललं होतं त्यांच्याचकडे ही माहिती होती, एवढं त्या बैठकांमधल्या मंडळींनी ध्यानात घ्यावं.

मुली आधी येत नव्हत्या. टेबल संध्याकाळी लागायचं, हे कारण कळायला आम्हाला कोणीतरी स्पष्ट बोलावं लागलं. वेळ सकाळची केली. मुलींनी आल्या आल्या छपाईपेक्षा शिलाई जास्त मागितली, आणि त्यातही काय, तर खिसे. बायकांच्या पँटला खिसा म्हणून जे लावतात त्यात नाणंसुद्धा धड राहत नाही, हा माझाही जुना राग आहे. आता एका कोपऱ्यात मशीन असतं आणि जुन्या जीन्सचे खिसे काढून दुसऱ्या पँटना बसवणं चालू असतं. त्यांनी काढलेला वस्तीचा नकाशाही मुलग्यांपेक्षा वेगळा निघाला. दिवा असूनही त्या ज्या गल्लीतून जात नाहीत, ती गल्ली मुलग्यांच्या यादीत नव्हतीच.

तरुणांना ठरवू दिलं तर ते मजेच्या गोष्टी मागतील, अशी भीती मोठ्यांना असते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढून ते कशावर खर्चायचे यावर १२ ते २५ वयाच्या मुलांना मत द्यायला लावलं. निवडून आलेल्या कामांत चित्रांसाठीच्या भिंती होत्या, आणि त्याच यादीत पदपथ, बागेतली दुरुस्ती, शाळांसाठी लॅपटॉप आणि एका बागेत सुरक्षा कॅमेरेही होते. फिलाडेल्फियाने १९८४ मध्ये भिंती खरडणाऱ्या पोरांना पकडण्याबरोबरच त्यांच्या हाती ब्रश देऊन बघितला. त्यासाठी जेन गोल्डन या चित्रकर्तीला नेमलं, आणि त्यातून उभा राहिलेला म्युरलचा, म्हणजे भित्तिचित्रांचा, कार्यक्रम आजही चालू आहे. पोर्टलंडमध्ये तर कोणी ब्रशही दिला नाही. १९९० मध्ये स्केटबोर्डवाल्यांनी बर्नसाइड पुलाखालच्या नशेबाजांच्या अड्ड्यावर परवानगी न घेता स्वतःच काँक्रीट ओतून स्केटिंगची जागा बांधायला सुरुवात केली. आसपासच्या धंदेवाल्यांना बदल दिसला, ते बाजूने बोलले, आणि शहराने नंतर मान्यता दिली.

भिंतींबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. चित्र काढलं की उद्घाटनाला सगळे येतात, फोटो छान येतात, आणि चित्राच्या पायथ्याशी वाहणारं गटार फोटोत कापून टाकता येतं. आमच्याकडे भिंत रंगवू या म्हणून येणाऱ्यांना पोरं आता विचारतात, "गटाराचं काय?" मला हे ऐकून बरं वाटतं.

आणि ज्याला बाजारात स्ट्रीटवेअर म्हणतात त्याच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. ठरावीक तारखेला मोजकेच जोडे बाजारात सोडायचे, पोरांना रात्रभर रांगेत उभं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच जोडे दुप्पट-तिप्पट भावाने फिरवायचे, यात रस्ता कुठे आहे? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॅपर डॅन या शिंप्याने १९८२ मध्ये दुकान उघडलं आणि मोठ्या फॅशन घराण्यांची चिन्हं वापरून रॅपर आणि बॉक्सर मंडळींसाठी आपले कपडे शिवले. त्या घराण्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. २०१७ मध्ये गुची या फॅशन घराण्याने जवळजवळ त्याच्याच एका जॅकेटसारखं जॅकेट आपल्या संग्रहात आणलं. आरडाओरडा झाला तेव्हा कुठे त्यांनी त्याच्याशी भागीदारी केली. आमच्यातल्या एका मुलाने हे ऐकून विचारलं, "म्हणजे त्यांनी चोरलं की त्याने?" या प्रश्नावर एक अख्खा रविवार गेला आणि छपाई काहीच झाली नाही. माझ्या मते दोघांनीही उचललं. फरक एवढाच, की पोलीस एकाच्याच दारात आले.

सध्या शेडमध्ये भांडण चालू आहे ते जॅकेटवरून. एका संस्थेने गटासाठी जॅकेटं द्यायची तयारी दाखवली आहे. अट अशी, की पाठीवर संस्थेचं चिन्ह आणि बाहीवर आमचं. अर्धी पोरं म्हणतात फुकट मिळतंय, घ्या. बाकीची म्हणतात पाठ विकायची नाही, बाही हवी तर देऊ. मी मुद्दाम मत दिलेलं नाही, पण मला विचारलंत तर बाहीसुद्धा देऊ नये.

रविवारी यायचं असेल तर कापड सुती आणा. पॉलिएस्टरवर आम्ही छापत नाही. शाई पक्की करायला १६० अंशांच्या आसपास तापवावी लागते, तेवढ्या उष्णतेला पॉलिएस्टरचा रंग सुटून शाईत चढतो आणि लाल टीशर्टवरचं पांढरं चित्र गुलाबी होतं. मग तोंड पाडून बसू नका. हुडी चालेल, दोरी काढून आणा. झिपवाली असेल तर फक्त पाठीवर छापून मिळेल, पुढे स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, झिपेवर अडकते.